जर्मन पाना घ्यावा का? घ्यावा, पण तीनच!

"बारा-तेरा कुणाकडंय रे?" ही आरोळी हॉस्टेलमागच्या शेडमध्ये रोज रात्री एकदा तरी ऐकू येते. आणि दरवर्षी इंटर्नशिपचे पैसे हातात पडले, की टीममधला कुणीतरी मेसमध्ये जेवताना जाहीर करतो, "या वेळी जर्मन पान्यांचा फुल सेट घेणार!" मग अर्धी मेस त्याला वेड्यात काढते आणि उरलेली अर्धी 'स्टालविले चांगला की गेडोर' यावर भात गार होईपर्यंत भांडते.

मला वाटतं, दोन्ही बाजू चुकतात. "पाना म्हणजे पाना, त्यात काय एवढं" म्हणणारेही आणि फुल सेट घेणारेही. का, ते सांगतो.

गेल्या वर्षी स्पर्धेला निघायच्या आदल्या रात्रीची गोष्ट. ब्रेक कॅलिपरचे बोल्ट काढायचे होते. एम-८ चे साधे बोल्ट, डोकं १३ चं. वर्कशॉपच्या स्टोअरमधून आणलेला बारा-तेराचा फिक्स पाना लावला. त्याच्यावर ना कंपनीचं नाव, ना कसला नंबर. आमच्या ड्रायव्हरने जोर लावला, पाना सटकला आणि त्याची मूठ सरळ ब्रॅकेटच्या धारेवर! तीन टाके पडले. स्पर्धेत त्याला गाडी चालवता आली नाही. वर्षभर ज्याने सराव केला तो बाजूला उभा, आणि ज्याने केला नव्हता तो आत.

बोल्टचं डोकं अर्थात गोल झालं होतं. रात्री एक वाजता वर्कशॉपच्या मामांना उठवलं. मामा आले ते फडक्यात गुंडाळलेले पाने घेऊनच. गोल झालेल्या बोल्टकडे बघून म्हणाले, "मेलेल्या नटाला कुठलाच पाना लागू पडत नाही रे बाळांनो. ड्रिल आणा." मग दुसऱ्या बाजूच्या, अजून जिवंत असलेल्या बोल्टवर त्यांनी आपला रिंग पाना चढवला. 'टक्' असा आवाज आला आणि बोल्ट सुटला. पाना जर्मन होता, जुन्या बाजारातून घेतलेला. मी फडकं उलगडून पाहिलं. त्यात जर्मन पाने तीनच: १०, १३ आणि १७. बाकी सगळे आपले देशी. विचारलं तर म्हणाले, "जिथं रोज हात जातो तिथं चांगला. बाकीच्यांना कशाला पैसे घालवायचे?"

परत आल्यावर मी स्टोअरचा तो पाना व्हर्नियरने मोजला. जबडा १३.६ मि.मी.! आता आपण इंजिनिअर आहोत, तर जरा आकडेमोड करू. १३ च्या बोल्टचं डोकं (प्रॉडक्ट ग्रेड ए) जास्तीत जास्त १३.०० आणि कमीत कमी १२.७३ मि.मी. असायला हवं. पान्याचा जबडा स्टँडर्डप्रमाणे १३.०४ ते १३.२४ मध्ये बसायला हवा. म्हणजे बोल्ट कधी मोठा नाही आणि पाना कधी छोटा नाही. सेकंड इयरला 'लिमिट्स अँड फिट्स' पाठ करताना जो क्लिअरन्स फिट आपण रटतो, तोच हा!

आता हा सैलपणा वाढला की काय होतं? फट ०.१ मि.मी. असेल तर पाना बोल्टवर सुमारे ०.८ अंश मोकळा फिरतो आणि मग टेकतो. अर्धा मि.मी. असेल तर सुमारे ४ अंश. आमच्या पान्याचं उत्तर ७ अंशांच्या आसपास आलं. ड्रॉइंग शीटवर षटकोन काढून बघा, पटेल. जितका पाना तिरका, तितका सगळा भार सपाट बाजू सोडून कोपऱ्यावर. ८.८ ग्रेडचा एम-८ साधारण २५ न्यूटन-मीटरने आवळतात. फिक्स पान्यात हा टॉर्क दोन कोपऱ्यांनी पेलायचा झाला, तर प्रत्येक कोपऱ्यावर सुमारे ३४०० न्यूटन येतात. म्हणजे जवळजवळ साडेतीनशे किलो, आणि तेही एका रेघेवर! कोपरा दबणार नाही तर काय होईल?

चांगल्या पान्याचं मर्म इथं आहे. चकाकी, नाव, वजन हे सगळं नंतर. जर्मन कंपन्या पैसे घेतात ते मुख्यतः तीन गोष्टींचे. पहिली, जबड्याचं माप, आणि ते वर्षानुवर्षं टिकणं. दुसरी, स्टील आणि हीट ट्रीटमेंट. गेडोर वापरते ते ३१ सीआर-व्ही ३ म्हणजे साधारण ०.३१ टक्के कार्बन असलेलं क्रोम-व्हॅनेडियम स्टील. पाना फार कडक केला तर तडकतो, मऊ राहिला तर जबडा फाकतो. या दोघांमधली वाट काढणं हीच खरी कला. तिसरी गोष्ट आकाराची. स्टालविलेच्या रिंगमध्ये आतला आकार असा असतो, की दाब कोपऱ्यावर न येता थोडा आत, सपाट भागावर येतो. तिच्या कॉम्बिनेशन पान्याचा दांडा आय-सेक्शनचा असतो. वजन कमी, ताकद तीच. एस.ओ.एम.मध्ये 'आय-सेक्शन का वापरतात?' याचं उत्तर खिशात घेऊन फिरता येतं!

हे सगळं पिकतं ते जर्मनीच्या एका छोट्या डोंगराळ पट्ट्यात. रेमशाइड आणि शेजारच्या वुपरटालचा क्रोनेनबर्ग भाग. ओढ्यांच्या पाण्यावर चालणारे लोहारी हातोडे तिथं पूर्वीपासून होते. स्टालविले १८६२ ची, हाझेट १८६८ ची (संस्थापक हेरमान झेर्वर, त्याची आद्याक्षरं 'हा' आणि 'झेट'), गेडोर १९१९ ची, डोविडाट बंधूंची. पण हे वाचून "त्यांच्या रक्तातच आहे, आपल्याला जमणार नाही" असा सुस्कारा टाकू नका. कारण यातली खरी गंमत पुढेच आहे.

थिअरी ऑफ मशिन्समध्ये आपण 'कायनेमॅटिक पेअर' शिकतो, त्यामागचा माणूस फ्रान्झ र्‍यूलो. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनाला तो जर्मनीचा प्रतिनिधी म्हणून गेला होता. तिथून त्याने मायदेशी लिहून कळवलं, की आपला माल स्वस्त आणि वाईट आहे! केवढा गदारोळ झाला. पुढं १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावलं. झोलिंगेनच्या सुऱ्याकात्र्या शेफिल्डच्या म्हणून खपवल्या जात होत्या, हे त्यामागचं एक कारण. म्हणजे 'मेड इन जर्मनी' हा शिक्का सुरुवातीला ग्राहकाला सावध करण्यासाठी होता. तो अभिमानाचा झाला, कारण त्यांनी घरच्याच माणसाची टीका ऐकून घेतली आणि माल सुधारला.

म्हणून देशी पान्यांना नाक मुरडणं मला मान्य नाही. जालंधर, लुधियाना आणि आपल्या नाशिकमध्ये चांगले पाने बनतात. चांगल्या देशी कंपनीचा, आय.एस. नंबर कोरलेला सेट हॉस्टेलच्या नव्वद टक्के कामांना पुरतो. भांडण देशी विरुद्ध जर्मन असं नाहीच मुळी. भांडण आहे मोजलेला पाना विरुद्ध न मोजलेला पाना.

मग घ्यायचं काय? माझा क्रम असा.

आधी देशी सेट घ्या. एक सेमिस्टर वापरा. कुठल्या पान्यांवरचं प्लेटिंग आधी जातं ते बघा. तेच तुमचे तीन! टीमच्या गाडीवर बहुधा १०, १३, १७ निघतील. जपानी वळणाच्या मोटारसायकलवर काम करत असाल तर १०, १२, १४, कारण तिथं एम-८ ला १२ आणि एम-१० ला १४ चं डोकं असतं. बोल्ट नवे घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या डिन मापात एम-१० ला १७ आणि एम-१२ ला १९ लागतो, तर आय.एस.ओ. मापात १६ आणि १८. १६ च्या डोक्यावर १७ चा पाना "चालतोय की" म्हणून लावला, तर पाना जर्मन असला तरी बोल्ट मरणारच.

ते तीन पाने कॉम्बिनेशन घ्या, एका टोकाला रिंग आणि दुसऱ्याला फिक्स. सोडवताना आणि शेवटचं आवळताना रिंगच लावायची, फिक्स टोक फक्त भराभर फिरवायला. ही सवय फुकट आहे आणि कुठल्याही ब्रँडपेक्षा जास्त बोटं वाचवते. आमच्या त्या रात्री देशी रिंग जरी लावली असती, तरी बहुधा भागलं असतं.

घेताना नाव वाचाच, पण कुठं बनला तेही वाचा. नाव जर्मन असलं म्हणून प्रत्येक वस्तू जर्मनीत बनते असं नाही. आणि दुकानात व्हर्नियर नेताना लाजू नका. दुकानदार हसेल, हसू दे.

चौथी गोष्ट घ्यायचीच असेल तर स्क्रू पान्याच्या जागी क्निपेक्सचा प्लायर्स रेंच. त्याचे जबडे समांतर राहतात आणि हँडल दाबलं की नटाला घट्ट धरतात. पण त्याहीआधी टीमने मिळून एक टॉर्क रेंच घ्यावा असं मला वाटतं. ब्रेकचा बोल्ट अंदाजाने आवळणाऱ्याला जर्मन पाना फक्त जास्त जोरात चुकायची सोय करून देतो. आणि हो, पान्याला पाइप जोडून लांबी वाढवणं बंद करा! तो पाना त्या हिशेबाने बनलेलाच नसतो.

आता स्टोअरबद्दल थोडं, आणि सरांनी रागावू नये. खरेदीत सगळ्यात कमी दराची कोटेशन निवडली जाते, हा नियम आहे, मान्य. पण मागणीपत्रात नुसतं 'स्पॅनर सेट' लिहिलं, तर सगळ्यात कमी दराचा लोखंडाचा तुकडाच येणार. त्याऐवजी फिक्स पान्यांसाठी आय.एस. २०२८ आणि रिंगसाठी आय.एस. २०२९ असं लिहा, माल आल्यावर प्रत्येक पाना मोजून घ्या आणि फाकलेले पाने दरवर्षी भंगारात काढा. मोजायचं काम आम्ही करतो. मेट्रॉलॉजीचं एक प्रॅक्टिकल समजा! 'गो, नो-गो' गेज तरी पोरं एकदा खऱ्या कामाला वापरतील.

उरला प्रश्न मोहाचा. जर्मन पाना घेऊन, त्यावर नाव कोरून, ट्रंकेत कुलूप लावून ठेवणारे महाभाग आपल्यात आहेत. त्यांना एवढंच सांगेन, की मामांचा पाना रात्री एक वाजता दुसऱ्यांच्या गाडीसाठी बाहेर आला होता. काम झाल्यावर त्यांनी तो पुसला, तेलाचा हात फिरवला, फडक्यात गुंडाळला आणि तीन पाने मोजून मगच झोपायला गेले.

मी माझा पहिला घेतला आहे, तेराचा. कुणाला लागला तर मागा. फक्त पुसून परत द्या.

– बी. ई. (मेकॅनिकल)