परीस कोणासाठी?

किशोरवयीन वाचकाला विस्मयाचा प्रत्यय देणारी कादंबरी, अशी 'हॅरी पॉटर'ची ख्याती मराठीतही आता रूढ झाली आहे. जे. के. रोलिंग यांच्या या मालिकेचा १९९७ मधील पहिला खंड 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने मराठीत आला, आणि शहरी मराठी घरांतील एका पिढीचे पौगंड या मालिकेच्या सोबतीने सरले. या लोकप्रियतेबद्दल हळहळण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो तिच्यापुढे समीक्षेने पत्करलेल्या मौनाबद्दल. 'मुले निदान वाचू तरी लागली' हा युक्तिवाद ग्रंथविक्रेत्याला शोभतो. समीक्षकाने तो उच्चारला की मूल्यमापन टाळण्याची ती सबब होते. प्रत्यक्ष कृतीपाशी गेल्यावर पदरी येते ती प्रामुख्याने निराशा.

अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय हा होय. परिचित जगाची घडी विस्कटते, जाणिवेला क्षणभर आधार उरत नाही, तेव्हा तो जागा होतो. तोदोरोव याने १९७० च्या आपल्या ग्रंथात अद्भुताचे मर्म ज्या दोलायमानतेत पाहिले, म्हणजे घडते आहे ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक हे ठरवता न येण्याच्या अवस्थेत, तीही याच्याच जवळपासची. हॅरीची दोलायमानता किती काळ टिकते? समुद्रातील खडकावरच्या झोपडीत मध्यरात्री हॅग्रिड येतो, 'तू जादूगार आहेस' असे सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा बाजारात उभा असतो. डायगॉन ॲलीचे ते गाजलेले प्रकरण म्हणजे वस्तुतः खरेदीची यादी आहे: झगे, कढई, पुस्तके, घुबड, छडी. पेढीत आईवडिलांनी ठेवलेल्या सोन्याचा ढीग तयारच असतो. पुढे 'निंबस टू थाऊजंड' हा झाडू येतो, तो तर नमुन्याच्या क्रमांकासह. जादू येथे वस्तूंच्या ठायी वसते, त्या विकत मिळतात, आणि त्यांतली कोणती अधिक चांगली हे मुलांना तोंडपाठ असते. यातून जागे होते ते कुतूहल, दुकानाच्या काचेपुढे उभे राहिल्यावर होते तसे. विस्मयाशी त्याची गल्लत करणे हाच या कादंबरीविषयीच्या बहुतेक कौतुकाचा पाया आहे. विनोद, मुलांची मैत्री, स्नेपविषयी वाचकाची केलेली दिशाभूल हे गुण निःसंशय आहेत. परंतु ते शालेय कथेचे आणि रहस्यकथेचे आहेत.

शहराच्या बाबतीत ही उणीव अधिकच उघडी पडते. लंडनच्या पोटात दडलेले दुसरे जग ही कल्पना मोठी आशयगर्भ. प्रत्यक्षात चेअरिंग क्रॉस रोडवरचे मद्यगृह आणि किंग्ज क्रॉसचा फलाट यांच्यापलीकडे लंडनला काही काम नाही. शहर हे येथे केवळ दार आहे. दार उघडले की शहर संपते. कोल्हापूरच्या वाचकाला हे विशेष खटकावे. या शहराचे नावच परंपरा कोल्हासुराशी जोडते: देवीने ज्याला मारले त्याने मरताना स्थळाला आपले नाव मागितले, आणि ते त्याला मिळाले. विजयोत्सवाचे आमंत्रण राहून गेले म्हणून त्र्यंबोली रुसली आणि शहराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. तिची समजूत काढण्यासाठी दर ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईवर जाते, तेथे कोहळा फुटतो, त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते. रंकाळ्याकाठचा नंदी रोज गव्हाएवढा पुढे आणि तांदळाएवढा मागे सरकतो, तो तळ्याशी पोचेल त्या दिवशी प्रलय, असेही सांगतात. ही श्रद्धा झाली, साहित्य नव्हे, असे कोणी म्हणेल. मुद्दा श्रद्धेचा नसून कल्पनेच्या रचनेचा आहे. या कथांतले अद्भुत नगरवासीयांच्या माथी काही ऋण ठेवते: मारलेल्याचे नाव रोज उच्चारावे लागते, दुखावलेलीच्या दारी दरवर्षी जावे लागते. रोलिंग यांचे अद्भुत लंडनकडून काही मागत नाही. सामान्य नागरिकाला ते दिसत नाही, दिसलेच तर त्याची स्मृती पुसली जाते.

आता शीर्षकातील शब्द. किमयागारांच्या मूळ दगडाची कार्ये दोन: धातूचे सोने करणे आणि अमरत्व देणारे रसायन निर्माण करणे. मराठी परीस पहिलेच कार्य जाणतो. व्हॉल्डेमॉर्टला हवे असते ते दुसरे. अनुवादाला येथे दोष देण्यात अर्थ नाही, याहून जवळचा शब्द भाषेत नाही. (अमेरिकन प्रकाशकाने तर १९९८ मध्ये मूळ शीर्षकातला तत्त्वज्ञच काढून टाकून मांत्रिक आणून बसवला.) परंतु शब्द आला की त्याचे संस्कारही येतात. संतपरंपरेत परीस हा स्पर्शाने घडणाऱ्या परिवर्तनाचा दृष्टान्त आहे. लोखंड कुठले, कोणाच्या घरचे, हे परीस विचारत नाही.

हॉगवर्ट्स मात्र नेमके जन्माविषयीच विचारते. हॅरीचे नाव तेथील यादीत जन्मापासून नोंदलेले आहे, असे हॅग्रिड अभिमानाने सांगतो. वंशाची अट नाही, हे मान्य. दंतवैद्य आईबापांची हर्मायनी तेथे पहिली येते. पण सामर्थ्य उपजत असावे लागते. ते कमावता येत नाही, कमावता येते ती फक्त त्याची सफाई. लिलीला पत्र आले, तिच्या बहिणीला, पेट्युनियाला, आले नाही. पहिल्या खंडात ही मावशी निव्वळ मत्सरी आणि हास्यास्पद आहे. २००७ मधील सातव्या खंडात स्नेपच्या स्मृतींतून कळते की लहानपणी तिने डंबलडोरना पत्र लिहून प्रवेश मागितला होता. नकार आला, सौम्य शब्दांत. सबंध मालिकेतील सर्वांत वेदनामय पत्र हे असावे, आणि त्याच्या वाट्याला काही वाक्ये येतात.

ज्या शहरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले, मागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे झाली, जेथे २६ जुलै १९०२ च्या आदेशाने राजर्षी शाहूंनी नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्या शहराचा आधुनिक इतिहास म्हणजे विद्येच्या उपजत अधिकाराशी घेतलेले भांडण होय. ही वसतिगृहेही जातवार होती, तेव्हा हॉगवर्ट्सच्या चार सदनांशी तुलना करताना पुरते निर्धास्त राहता येत नाही. पण तेथे जातीचे नाव घेतले गेले ते बाहेर ठेवलेल्याला आत आणण्यासाठी. निवासी शाळेच्या या कथेत वाचकाने स्वतःला हॅरीच्या जागी पाहावे अशी तजवीज कादंबरी करते. इतिहास मात्र येथील बहुसंख्य वाचकांना पेट्युनियाच्या बाकावर बसवतो.

पुढील खंडांत रक्तशुद्धीच्या विचाराचा कठोर निषेध आहे, असा बचाव केला जातो. निषेध आहेच. पण तो वाद आत घेतलेल्यांमधला आहे. बाहेरचा माणूस त्यात कधीच पक्षकार होत नाही, फार तर बळी किंवा विदूषक होतो. पहिल्या खंडाच्या अखेरीस मुख्याध्यापक भर समारंभात १७० गुण वाटतात आणि ३१२ वरचे सदन ४७२ वाल्याला मागे टाकते. वाचक टाळ्या वाजवतो. न्याय झाला असे वाटते, कारण कृपा आपल्या बाजूला झालेली असते.

'मराठीला आपला हॅरी पॉटर हवा' ही मागणी अधूनमधून होते. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आला तेव्हा त्याच्यापाशी उपजत असे काही नव्हते, एक सायकल होती आणि समोर सगळे पुणे होते. अद्भुत नसूनही ते शहर आजही तपशिलाने डोळ्यांपुढे उभे राहते. त्याची आठवण या मागणीत क्वचितच असते. पन्हाळ्यावर जादूची शाळा काढणे अवघड नाही. तटबंदी आहे, धुके आहे, घुबडेही मिळतील. तिच्या प्रवेशयादीत कोणाची नावे जन्मतःच लिहिलेली असतील, एवढे मात्र त्या लेखकाला पहिल्याच प्रकरणात ठरवावे लागेल.