पी-एक्सचा एम किती?

माझी भाची बारावीला आहे. चाचणी परीक्षेत तिला जोड्या लावायच्या होत्या. एका बाजूला पी-एक्स, पी-वाय, पी-झेड. दुसऱ्या बाजूला एमच्या किमती अधिक एक, उणे एक, शून्य. तिनं पी-झेडपुढे शून्य लिहिलं आणि उरलेल्या दोन जागा कोऱ्या सोडल्या. दोन गुण गेले.

"मामू, एक्सला अधिक आणि वायला उणे, असं का? उलट का नाही?"

शिक्षकांकडे याचं उत्तर नव्हतं. कारण या प्रश्नाला उत्तरच नाही, आणि तो पेपरात असू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एम म्हणजे झेड-अक्षाभोवतीच्या कोनीय संवेगाचं आयगेनमूल्य, एच-बारच्या पटीत मोजलेलं. अक्षाभोवती एक पूर्ण फेरी मारली की फंक्शन पूर्वीच्याच किमतीवर यायला हवं, म्हणून एम पूर्णांक. एल एक असेल तर अशी तीन आयगेनफंक्शनं मिळतात. त्यांतलं एम शून्यचं म्हणजेच पी-झेड, डंबेलच्या आकाराचं. पण अधिक एक आणि उणे एक यांचे आकार डंबेलसारखे नसतातच! दोन्ही झेड-अक्षाभोवती मेदूवड्यासारखे, अगदी सारखे दिसतात. फरक फक्त फिरण्याच्या दिशेचा.

मग पी-एक्स काय आहे? या दोघांचं समसमान मिश्रण. पी-एक्समधल्या इलेक्ट्रॉनचा झेड-घटक मोजला तर निम्म्या वेळा अधिक एक येईल, निम्म्या वेळा उणे एक, शून्य कधीच नाही. पी-वायचंही तेच. पी-एक्सची निश्चित किंमत आहे ती एक्स-अक्षाभोवतीच्या संवेगाची, आणि ती शून्य. म्हणजे तिन्ही डंबेल आपापल्या अक्षाभोवती शून्यच. झेडला वेगळा मान आहे तो आपण त्याला निवडलं म्हणून, अणूला त्याचं काही नाही.

रासायनिक बंधांच्या दिशा दाखवायला डंबेल सोयीचे आहेत, ते जरूर शिकवावेत. एकट्या अणूत तिन्हींची ऊर्जा सारखीच असल्यामुळे असं मिश्रण घेण्यात चूकही नाही. चूक आहे ती त्यांच्यावर एमची चिठ्ठी डकवण्यात. आणि जिला ती चिठ्ठी खटकली, तिचेच गुण कापले गेले.

"बोर्डात हाच प्रश्न आला तर काय लिहू?" तिनं विचारलं.

गाइडात आहे तेच लिही, म्हणालो. नंतर बराच वेळ तिच्याकडे पाहवेना.