अब्बांची फियाट: ठेवावी की विकावी?



या महिन्याच्या सदरासाठी विषय वेगळा ठरला होता. पण घरात गेले तीन महिने एकच विषय चालू आहे. जेवायला बसलो की तोच, ईदला सगळे जमले तेव्हाही तोच. मरहूम अब्बांची फियाट ठेवायची की विकायची? प्रथम आम्हाला हा एका जुन्या गाडीचा साधा प्रश्न वाटला होता. तो तेवढाच नव्हता, म्हणून आज तो तुमच्यापुढे मांडत आहोत.

गाडी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी असली तरी आपल्याकडे तिला सगळे फियाटच म्हणत आले. इटलीच्या फियाट कंपनीचे ११०० हे मॉडेल कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होऊ लागले आणि १९७४ पासून त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट. अब्बांनी ती १९९४ साली सेकंड हँड घेतली. पुढच्या सीटवर अब्बा, अम्मी आणि मधे धाकटा, मागे आपा, आम्ही आणि पाहुणे, असा आमचा प्रवास असे. खंडाळ्याचा घाट चढताना पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडे. मग अब्बा त्यावर ओले फडके ठेवत आणि आम्ही रस्त्याकडेला बसून चिक्की खात असू.

आमचे घर कर्जत-खोपोली रस्त्यापासून आत, ठाकुरवाडीच्या वाटेवर आहे. वाडीत ठाकर समाजाची घरे. पूर्वी या वाटेवर दुसरी चारचाकी नव्हती. रात्री-अपरात्री साप चावला, कोणाला ताप चढला, कोणी अडली, की वाडीतली माणसे आमच्या दारावर थाप मारत. “चाचा, गाडी काढा.” अब्बा चपला घालता घालता चावी शोधत. त्यांनी कधी कोणाकडून पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. पावसाळ्यानंतर मात्र दारात वरी, काकड्या, करटुली येऊन पडत. कोणी ठेवली, ते कळतही नसे.

दोन वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला. गाडी पडवीत उभी राहिली. आम्ही तिला दर रविवारी पुसत होतो, सुरू करून पाहत होतो आणि अब्बांची आठवण जपतो आहोत असे समजत होतो.

मग गेल्या जुलैतली ती रात्र आली. बाहेर मुसळधार पाऊस. वाडीतला एक तरुण दारात उभा होता. “दादा, चाचांची गाडी काढता का? बायकोला कळा सुरू झाल्यात.” गाडी सुरू झाली. दोन किलोमीटर गेलो आणि चढावर इंजिन खोकले, दिवे मंद झाले, गाडी थांबली. डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी शिरले होते. आम्ही बॉनेट उघडून, टॉर्च तोंडात धरून फडक्याने पुसत होतो आणि मागच्या सीटवरून त्या मुलीचे कण्हणे ऐकू येत होते. वीस-पंचवीस मिनिटे गेली. शेवटी दुधाचा एक टेंपो आला आणि त्यातून तिला कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात नेले. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, अल्हम्दुलिल्लाह.

चार दिवसांनी तो तरुण पेढे घेऊन आला. तक्रारीचा एक शब्द बोलला नाही. जाताना पडवीकडे बघून एवढेच म्हणाला, “दादा, गाडी म्हातारी झाली.”

त्या वाक्याने आमची झोप उडवली. आमच्या हौसेपायी गाडी बंद पडली तर गैरसोय आमची. पण त्या रात्री तिच्यावर भरवसा टाकणारे दुसरेच होते. दारात गाडी उभी दिसत होती, म्हणूनच तो आमच्याकडे धावत आला होता. ती नसती, तर त्याने पहिला फोन १०८ ला केला असता.

खोपोलीच्या आमच्या जुन्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी ती जॅकवर चढवली आणि खालून स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो फ्लोअरच्या पत्र्यातून आरपार गेला. “इंजिन अजून दहा वर्षे चालेल,” ते म्हणाले, “पण पत्रा कोकणच्या पावसाने खाल्लाय. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदलाव्या लागतील.” आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या रबराला ते सोसत नाही. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. म्हणजे आम्ही गाडी जपून उभी ठेवत होतो, तेच तिला बाधत होते. पत्रा, नळ्या, ब्रेक आणि रंग मिळून खर्च ऐंशी हजारांच्या घरात जात होता.

त्यातच यंदा नोंदणीची मुदत संपते आहे. याबाबत आपल्याकडे बराच गैरसमज आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, असे अनेकांना वाटते. दिल्लीच्या परिसरात जुन्या गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले, त्यावरून हा समज पसरला. आपल्या राज्यात खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते आणि पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवून मिळते. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांवरील मोटारींचे नूतनीकरण शुल्क पाच हजारांवरून दहा हजार रुपये केले. पर्यावरण कर आणि विमा वेगळा.

“मग व्हिंटेजमध्ये नोंदवा ना,” असे धाकट्या भावाने सुचवले. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते. त्या नोंदणीचे शुल्क वीस हजार असते आणि ती दहा वर्षे चालते. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली अशा कारणांसाठीच काढता येते. आमची गाडी त्या वयाला २०३६ साली पोचेल.

दुसरीकडे गिऱ्हाईक तयार होते. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. त्या बातम्यांनंतर आमच्याकडे एक-दोघांनी विचारणा केली होती. ठाण्याचे एक गृहस्थ तर दोनदा येऊन गेले. त्यांच्याकडे आधीच एक जुनी जीप आहे, बंद गॅरेज आहे आणि हाताशी ओळखीचा मिस्त्री आहे. त्यांनी एक लाख ऐंशी हजार सांगितले.

आम्ही आणि धाकटा, दोघे मिळून ठरवायला बसलो. त्याचा कल ठेवण्याकडे होता. आमचे मन दोन्हीकडे. कागदपत्रे पाहावीत म्हणून आरसी बुक काढले आणि त्यावर अब्बांचे नाव वाचले. दोन वर्षे आम्ही ते तसेच राहू दिले होते.

ही आमची हयगय. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. आम्ही दोन्ही केले नव्हते. उशिराचा दंड भरता येतो. पण अपघात झाला असता तर विम्याच्या दाव्यात काय झाले असते, हा विचार करून घाम फुटला.

त्याहून मोठी गोष्ट पुढेच होती. गाडी अब्बांची, म्हणजे ती तरक्यात येते. कर्ज आणि वसियत भागल्यावर जे उरते, त्यात अम्मीचा आठवा हिस्सा, बाकीच्यात आम्हा दोघा भावांचे दोन-दोन भाग आणि आपाचा एक. घराचा आणि जमिनीचा हिशेब आम्ही व्यवस्थित केला होता. गाडी मात्र त्यात धरलीच नव्हती. गाडी म्हणजे मुलांची, असे कोणी न बोलताच ठरून गेले होते.

आपाला फोन केला आणि म्हटले, “आपा, गाडीत तुझाही हिस्सा आहे. पण तुला काही नको असेल ना?”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, “मला नको, हे तुम्हाला कोणी सांगितले? नको म्हणायचे असेल तर मी म्हणेन. तुम्ही दोघांनी परस्पर का ठरवायचे?”

आम्हाला उत्तर सुचले नाही. तिच्या मुलीने यंदा नर्सिंगला प्रवेश घेतला आहे. फी कशी भरली, हे आम्ही विचारलेही नव्हते. दोन वर्षे आम्ही अब्बांच्या आठवणी उगाळत होतो आणि त्याची किंमत आपाच्या हिश्श्यातून चुकती होत होती.

शेवटी अम्मीला विचारले. वाटले होते, ती रडेल, ठेवा म्हणेल. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ते असते तर त्यांनी केव्हाच विकली असती. वाटेत दगा देणारी गाडी त्यांनी एक दिवस दारात ठेवली नसती.”

तिथेच निर्णय झाला. विकायची.

पण विकायची म्हणजे कशी, यावरही घरात बोलणे झाले. धाकट्याचे म्हणणे, “ते हौशी आहेत, गाडी त्यांनी पाहिली आहे. आपण आपणहून कशाला बोला?” आम्ही अडून बसलो. मालातला ऐब झाकून विकू नये, ही आपल्याला लहानपणापासूनची शिकवण आहे, आणि वाहनातला ऐब जिवावर बेततो. मिस्त्रींना बोलावून त्या गृहस्थांसमोर गाडी पुन्हा वर चढवली. कुजलेला पत्रा दाखवला. कार्बोरेटर मूळचा नाही, स्पीडोमीटर पाच वर्षांपासून बंद आहे, पावसात बंद पडते, सगळे सांगितले. किंमत एक लाख साठ हजारांवर आली. धाकटा दोन दिवस नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच कागद पुढे ओढून हिशेब लिहिला: अम्मी वीस हजार, आम्ही दोघे छप्पन्न-छप्पन्न हजार, आपा अठ्ठावीस हजार.

आता कागदांचे काम चालू आहे. आधी फॉर्म ३१ आणि इतर वारसांचे संमतीपत्र देऊन गाडी आमच्या नावावर, मग फॉर्म २९ आणि ३० भरून त्यांच्या नावावर. इथे घाई करू नका. पैसे घेतले, चावी दिली, पण आरटीओत नाव बदलले नाही, तर अपघाताची भरपाई नोंदणीतल्या मालकावर येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. संमतीपत्रावर सही करून बहिणीने आरसीवर भावाचे नाव लागू दिले, म्हणजे तिने आपला हिस्सा सोडला असे होत नाही.

वाडीचे काय, हा प्रश्न राहतोच. १०८ चा आणि कर्जतच्या दोन रिक्षावाल्यांचा नंबर आम्ही घराघरांत लिहून दिला आहे. आम्ही दोघा भावांनी आमच्या हिश्श्याचे एक लाख बारा हजार वेगळे ठेवले आहेत. त्यात भर घालून एखादी साधी, पावसात चालणारी, सेकंड हँड व्हॅन पाहत आहोत. इन्शाअल्लाह पावसाळ्याआधी मिळेल. ती दिसायला फियाटसारखी नसेल. पण रात्री दारावर थाप पडली तर आम्ही अब्बांसारखेच चपला घालता घालता चावी शोधू शकू.

वाचकांपैकी अनेकांच्या दारात अशी एखादी फियाट, अॅम्बेसेडर, जीप किंवा येझदी उभी असेल. ती विकाच, असे आमचे म्हणणे नाही. ठाण्याच्या त्या गृहस्थांसारखे डोक्यावर छप्पर, हाताशी मिस्त्री, रोजच्या कामाला दुसरे वाहन आणि वेगळा काढलेला पैसा असेल, तर खुशाल ठेवा. जुन्या वस्तू जपणारी माणसेही हवीतच. फक्त त्या हौसेचा खर्च आपल्याच खिशातून जातो आहे ना, एवढे पाहा. बहिणीचा हिस्सा किंवा शेजाऱ्याचा भरवसा त्यात खर्ची पडू नये.

आणि आज हा अंक खाली ठेवलात की कपाटातले आरसी बुक काढून एकदा वाचा. त्यावर नाव कोणाचे आहे, तेवढे पाहा.