लॉन नको, घायपात लावा!

मंडळी, आजचा विषय जरा काटेरी आहे. शब्दशः :)

पुण्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी नर्सरीत जा. पांढऱ्या सिरॅमिकच्या कुंडीत ‘अगेव्ह’ अशी पाटी लावून एक ऐटबाज झाड ठेवलेलं असतं. किंमत विचारली की आपण हळूच पुढे सरकतो. तर हे अगेव्ह म्हणजे आपलं घायपात! आमच्या वऱ्हाडात याला केकताड म्हणतात. शेताच्या धुऱ्यावर, गुरं आत शिरू नयेत म्हणून लावायचं झाड. त्याची पानं पाण्यात कुजवून वाख काढायचा आणि त्याचे दोर वळायचे. मातंग समाजातल्या कारागिरांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. पुढे नायलॉन आलं आणि केकताडाकडे कुणी बघेनासं झालं.

माझं गाव वरवट बकाल. बुलढाणा जिल्हा, संग्रामपूर तालुका. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला शेगाव. हा सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा. म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट, पिण्याच्या लायकीचं नाही. प्यायचं पाणी दुरून, वान धरणावरून नळाने आणावं लागतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास. आणि अशा गावात आता नवीन बंगल्यांपुढे लॉन दिसायला लागलंय! आमच्या बाबांनाही घरापुढे लॉन हवंय. टीव्हीवरच्या सिरियलमध्ये असतं तसं. मी घायपात सुचवलं तर म्हणाले, "आबे, केकताड काय दारात लावाची चीज आहे काय? थे त धुऱ्यावरच बरं."

माझं म्हणणं सरळ आहे. जिथे पिण्याचं पाणी योजनेतून येतं, तिथे रोज पाणी पिणारं गवत शोभेसाठी लावणं मला पटत नाही. आणि दिसायला घायपात कुठे कमी आहे? लिनियसने १७५३ साली याला अगेव्ह हे नाव दिलं, ते ‘उमदा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. मूळचं मेक्सिकोकडचं झाड. कोरफडीशी याचा घोळ करू नका. कोरफड अरबस्तानाकडची आणि तिचा गर चेहऱ्याला लावतात. घायपाताचा रस लागला तर अंगाची आग होते.

याची कामाची पद्धत तर आपल्या आयटीवाल्यांसारखीच. नाईट शिफ्ट! बाकीची झाडं दिवसा पानांवरची छिद्रं उघडतात आणि उन्हात त्यांचं पाणी उडून जातं. हा गडी दिवसा दारं बंद ठेवतो आणि कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन साठवतो. अमेरिकेचा असून भारतात नाईट शिफ्ट करतो, आता बोला :)

पण सरसकट कुठलंही उचलून आणू नका. जात बघून घ्या.

अमेरिकाना: निळसर-राखाडी, पान माणसाएवढं लांब होऊ शकतं. पिवळ्या काठाचीही मिळते. मोठ्या कंपाउंडच्या कोपऱ्यातच शोभते. वन बीएचकेच्या बाल्कनीत ही आणलीत तर बाल्कनी तिची, तुम्ही पाहुणे.

सिसालाना: हीच वाखाची जात. हिरव्या तलवारीसारखी पानं, टोकाला काटा. कुंपणाला उत्तम.

अँगस्टिफोलिया: पांढऱ्या काठाची, नर्सरीत सहज दिसते. मोठ्या कुंडीत छान राहते, फक्त कडेच्या काट्यांपासून जपा.

अटेन्युआटा: काटे नाहीत, पानं मऊ. घरात लहान मुलं असतील तर हीच घ्या. मात्र कडक उन्हात पानं करपतात. पुण्याच्या बाल्कनीत खूश राहील, वरवटच्या मे महिन्यात मात्र सावली द्यावी लागेल.

व्हिक्टोरिया रेजिना: राणी व्हिक्टोरियाच्या नावाची. फूटभराचा गच्च गड्डा आणि पानांवर खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा. वाढ अतिशय सावकाश, त्यामुळे कुंडीसाठी एक नंबर.

आता माती. आमच्याकडची काळी कपाशीची जमीन पाणी धरून ठेवते आणि घायपाताला नेमकं तेच चालत नाही. मुळं सडतात. म्हणून कुंडीत काळी माती थोडीच घ्या. जाड रेती, मुरूम, विटांचे तुकडे जास्त. खाली भोक असलेली मातीची कुंडी सगळ्यात चांगली. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी पुरे, तेही बुंध्याशी, गाभ्यात नको. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली येणार नाही असं बघा. हे झाड तहानेने मरत नाही, आपल्या लाडाने मरतं!

बाबांचा काट्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आहे. टोकाचा काटा डोळ्यात गेला तर खेळ खलास. म्हणून वाटेपासून चार-पाच फूट आत लावा, आणि टोकं नेलकटरने कापा. झाडाला काही होत नाही.

राहता राहिला त्याचा शेवट. इंग्रजीत याला शंभर वर्षांनी फुलणारं झाड म्हणतात, ती थाप आहे. अमेरिकानाला साधारण दहा ते तीस वर्षांत एकदाच, वीस-पंचवीस फुटांचा दांडा येतो. त्यात झाड आयुष्यभराची साठवण खर्च करतं आणि मरतं. पण तोवर बुडाशी पिल्लं आलेली असतात. सिसालानाला तर दांड्यावरच छोटी रोपं लागतात. म्हणजे नर्सरीत पैसे मोजायच्या आधी गावाकडच्या धुऱ्यावर एक चक्कर मारा. हातमोजे घालून दोन पिल्लं उपटा, चार दिवस सावलीत सुकू द्या आणि लावा. फुकट!

लॉन लावलं तर रोज संध्याकाळी बाबा पाइप घेऊन उभे राहणार, आणि त्याच वेळी गल्लीत कुणीतरी हंडा घेऊन नळाची वाट बघत असणार. बाबांशी माझं भांडण आहे ते एवढ्याचसाठी. या दिवाळीत घरी जाईन तेव्हा सोबत व्हिक्टोरिया रेजिनाची एक कुंडी नेणार आहे. धुऱ्यावरचं केकताड दारात नको असेल, तर राणीला तरी नाही म्हणणार नाहीत :)