नराविना नाटक

पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणावरच्या सरड्याचं डोकं नि गळा लालभडक झालेला तुम्ही पाहिलाच असेल. मान डोलावून तो मादीवर छाप पाडत असतो. (आणि तुम्ही दगड शोधत असता! नका मारू बिचाऱ्याला.) हा तोरा येतो संप्रेरकांमुळे. संप्रेरकं म्हणजे शरीरातल्या ग्रंथींनी रक्तातून धाडलेले निरोप. ते मेंदूला पोचले, की प्राण्याचं वागणंच बदलतं.

आता खरी गंमत ऐका. अमेरिकेतल्या ॲरिझोना, न्यू मेक्सिकोच्या कोरड्या मुलखात व्हिपटेल सरडे राहतात. शेपटी चाबकासारखी लांब, म्हणून हे नाव. त्यांच्यातल्या एका जातीत नर औषधालासुद्धा सापडत नाही! साऱ्या माद्याच. त्या नराशिवाय अंडी घालतात आणि प्रत्येक पिल्लू म्हणजे आईची हुबेहूब नक्कल.

नरच नाही, तर जोडी जमवायची कशाला? पण डेव्हिड क्रूज या शास्त्रज्ञाला वेगळंच दिसलं. एक मादी दुसरीच्या पाठीवर चढते आणि थेट नरासारखी वागते. काही दिवसांनी पाहावं, तर पार्ट बदललेले!

हे कसं होतं? पोटात अंडी वाढत असताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक जास्त असतं, तेव्हा ती मादीसारखी वागते. अंडाशयातून अंडी सुटली, की इस्ट्रोजेन उतरतं, प्रोजेस्टेरॉन चढतं आणि तीच बाई नर होते. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन या नरपणाला लगाम घालतं. नराचा पार्ट करणारीच्या मेंदूच्या ठरावीक भागात ते कमी असतं. मुद्दाम टोचलं, तर नाटक थंड पडतं.

पण हा खटाटोप वाया जात नाही बरं का! एकटी ठेवलेली मादी अंडी घालते, पण थोडी. सोबतीण नरासारखी वागणारी असेल, तर जास्त घालते. म्हणजे संप्रेरकं वागणं बदलतात, तसं शेजारणीचं वागणंही शरीराला हलवतं.

हे वागणं आलं कुठून? ही जात ज्या सरड्यांपासून निपजली, त्यांच्यात नर होते, आजही आहेत. नर गेले, पण मेंदूतली त्यांची सवय या माद्यांनी टाकलेली नाही.