मैदानी सामने : वेळापत्रक आणि सावली

मैदानी सामन्यांचा हंगाम आला म्हणजे प्रत्येक शाळेंत सरावाला रंग चढतो. कोण किती वेगानें धांवला, कोणाची उडी किती लांब गेली, याची चर्चा होते व ती व्हावीच. परंतु शर्यतीखेरीज उरलेला दिवस आपलीं मुलें कोठें व कशीं काढतात, इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. धांवण्याला फार तर कांहीं मिनिटें लागतात. वाट पाहण्यांत अख्खा दिवस जातो.

जेऊरकरांना तर हा प्रश्न विशेष जाणवावा. तालुक्याचे सामने करमाळ्यास झाले तर ती वाट जवळची. पण जिल्ह्याचे सामने सोलापुरास असले म्हणजे केम, कुर्डुवाडी, मोहोळ करीत शंभर किलोमीटरांहून अधिक आगगाडीचा प्रवास घडतो. पहाटे उठून निघालेला संघ मैदानावर पोहोंचतो, तों हजेरी, संचलन, स्वागत आणि भाषणें सुरू होतात. तीं आटोपेपर्यंत ऊन डोक्यावर येतें, व मग आठशें मीटरांच्या प्राथमिक फेरीची हांक येते. जो गारवा लांब पल्ल्याच्या शर्यतींना द्यावयाचा, तो आपण वक्त्यांना देतों!

याहून वाईट गोष्ट म्हणजे पाहुण्यांना परतण्याची घाई असली कीं अंतिम फेरी लगोलग उरकली जाते. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेच्या नियमांप्रमाणें दोन फेऱ्यांमध्यें, शक्य असेल तेथें, 200 मीटरांपर्यंतच्या शर्यतींना किमान 45 मिनिटें व त्यापुढें 1000 मीटरांपर्यंत 90 मिनिटें विश्रांति असावी. 1000 मीटरांवरील फेऱ्या तर एकाच दिवशीं घेऊं नयेत. हा नियम कसलेल्या खेळाडूंसाठीं आहे. मग चौदा वर्षांखालील मुलाला त्याहून कमी विश्रांति कोणत्या न्यायानें द्यावयाची?

उन्हापुढें मोठमोठ्यांचें कांहीं चालत नाहीं. 2019 सालीं दोहा येथील जागतिक स्पर्धेंत स्त्रियांची मॅरेथॉन मुद्दाम मध्यरात्रीं ठेवली होती. तरी 68 पैकीं 28 जणींना ती पुरी करतां आली नाहीं. 2021 च्या ऑलिंपिकमध्यें टोकियोची मॅरेथॉन उष्म्याच्या भयानें साप्पोरोस नेली, आणि तेथेंही स्त्रियांची शर्यत ऐन वेळीं एक तास अलीकडे ओढावी लागली. वेळापत्रक म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे, तें बदलतां येतें, हें यावरून दिसून येईल.

कोणी म्हणतील, "खेळाडूला ऊन सोसतां आलें पाहिजे. अविनाश साबळे यांना कोणीं मांडव घातला होता?" साबळे हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतले, आपल्यासारख्याच कोरड्या मुलखांतले, 2023 सालीं हांगचौच्या आशियाई सामन्यांत त्यांनीं स्टीपलचेसचें सुवर्णपदक मिळविलें. पण उन्हाची संवय शरीराला रोजच्या सरावानें, आठ-पंधरा दिवसांत हळूहळू होत असते. तापलेल्या जमिनीवर चार तास निजून ती होत नाहीं. उलट अंगांतलें पाणी मात्र आटतें. आणि आपल्या जिल्ह्यांत सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरांत पडतो, हें विसरून चालणार नाहीं. त्या वेळीं भिजलेल्या कपड्यांनिशीं धांवण्याचा प्रसंग येतो.

मुलींची अडचण आणखी निराळी. कपडे बदलण्यास आडोसा नसल्यामुळें घरून निघतांनाच खेळाचा पोषाख चढवून दिवसभर तसेंच राहावें लागतें. कित्येकींचे पालक त्याच कारणास्तव त्यांना पाठवीत नाहींत. एका कनातीच्या अभावीं चांगली धांवणारी मुलगी घरीं राहते, हें नुकसान कोणत्याच गुणपत्रकावर लिहिलेलें नसतें.

उपाय महागडे नाहींत. लांबच्या संघांना आदल्या रात्रीं यजमान शाळेनें दोन वर्ग उघडून द्यावे, म्हणजे सकाळीं सातास शर्यती सुरू करण्यास कोणाची हरकत उरणार नाहीं. चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील गटांचे दिवस वेगळे ठेवावे, म्हणजे लहानग्यांना मोठ्यांच्या फेऱ्या संपेपर्यंत तिष्ठत बसावें लागणार नाहीं. भाषणें शेवटीं, बक्षिसांच्या वेळीं व्हावीं. थकलेले श्रोते तीं आपोआप आंखूड करतील. पाहुण्यांच्या मांडवाचें कापड थोडें कमी करून खेळाडूंच्या बाजूस वाढवावें.

आणि आमच्यापुरतें म्हणाल तर, कांदा झांकावयाच्या ताडपत्र्या या भागांत घरोघर आहेत. त्यांतली एक, चार बांबू व सुतळी घेऊन आमच्या संघानें पुढील सामन्यास निघावें. गाडींत जागा अडेल, अडूं द्यावी.