पेपरचा उत्पादन खर्च कोण भरतो?



उत्पादन खर्चाच्या खाली माल विकला की शेतकरी बुडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कापसाचा हिशेब मांडा, ज्वारीचा मांडा, उत्तर एकच. पण असाही एक माल आहे, जो रोज सकाळी उत्पादन खर्चाच्या खाली विकला जातो आणि त्याचा मालक मात्र गब्बर होत जातो. तो माल म्हणजे मोठ्या घराण्याचा पेपर. कागद, शाई, छपाई आणि गाडीभाडे एवढेच धरले तरी पहिल्या पानावर छापलेल्या किमतीत भागत नाही. मग फरक कोण भरतो? जाहिरातवाला भरतो. आणि जो फरक भरतो, तोच खरा गिऱ्हाईक. तुम्ही-आम्ही गिऱ्हाईक नाही. आपण त्या दुकानातला माल आहोत.

हे मी मनचे सांगत नाही. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मालक घराण्यातले विनीत जैन यांनी २०१२ साली एका अमेरिकी साप्ताहिकाला स्वच्छ सांगितले की आमचा धंदा वृत्तपत्राचा नाही, जाहिरातीचा आहे. नव्वद टक्के उत्पन्न जाहिरातीतून येत असेल तर दुसरे काय म्हणायचे? माणूस सरळ बोलला. आपल्याकडचे पुढारी एवढे सरळ बोलत नाहीत.

या घराण्याची वंशावळ पाहण्यासारखी आहे. पेपर १८३८ साली मुंबईत निघाला. इंग्रज जायच्या बेतात असताना, १९४६ साली, रामकृष्ण दालमिया यांनी कंपनी विकत घेतली. साखर, सिमेंट, कागद असे त्यांचे कारखाने आणि जोडीला विमा कंपनी. विमेदारांचा पैसा मालकाने आपल्याच धंद्यात फिरवल्याचे प्रकरण फिरोज गांधींनी १९५५ साली लोकसभेत काढले. पुढे दालमियांना तुरुंगात जावे लागले. पेपर गेला जावयाकडे, साहू शांतिप्रसाद जैन यांच्याकडे. त्यांच्याकडे तागाची गिरणी होती. अशा गिरणीमालकांच्या पेपरांना तेव्हा दिल्लीत 'जूट प्रेस' म्हणत. ताग पिकवणारा बंगालचा शेतकरी, ताग विकत घेणारी गिरणी आणि तागाच्या भावाची बातमी छापणारा पेपर. यांतले मागचे दोन एकाच घरात. व्यापाऱ्याच्याच हाती काटा असला तर माप कसे पडते, हे कापूसवाल्याला वेगळे सांगायला नको.

आता गिरणीची गरज उरलेली नाही. 'टाइम्स', 'इकॉनॉमिक टाइम्स', हिंदीत 'नवभारत टाइम्स', मराठीत १९६२ पासून 'महाराष्ट्र टाइम्स', शिवाय रेडिओ मिर्ची, 'टाइम्स नाऊ', घरे-प्लॉट विकण्याचे दुकान, आणि मिस इंडियाची स्पर्धासुद्धा. एवढे सगळे एका कुटुंबाच्या हातून उभे राहिले. २००३ पासून पुरवण्यांत पैसे घेऊन मजकूर छापायची रीतसर सोय त्यांनी केली. मग २००५ च्या सुमारास नवी युक्ती काढली: कंपनीकडे जाहिरातीला रोख पैसे नसतील तर शेअर द्या, आम्ही जागा देतो. असे करार शेकडो कंपन्यांशी झाले. ज्या कंपनीची बातमी द्यायची, तिचाच भागीदार पेपर! २०१० साली सेबीला सांगावे लागले की अशी भागीदारी असेल तर ती उघड करा.

तुम्ही म्हणाल, मुंबई-दिल्लीच्या या उलाढालीशी आमचा काय संबंध? संबंध यवतमाळपर्यंत येतो.

३१ ऑक्टोबर २००८ च्या 'टाइम्स'मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांची बातमी आली. बीटी कापसाने गावे सुखी झाली, इथे आत्महत्या नाहीत, असा तिचा सूर. वार्ताहरांच्या प्रवासाची सोय बियाणे कंपनीने केली होती, ही ओळ खाली होती. तीच बातमी, शब्द न शब्द, २८ ऑगस्ट २०११ ला त्याच पेपरात पुन्हा पानभर आली. या वेळी ती जाहिरात होती. जैवतंत्रज्ञान नियमनाचे विधेयक संसदेत येऊ घातले होते, तेच ते दिवस. मार्च २०१२ मध्ये खासदारांची कृषी समिती भांबराजाला गेली, तेव्हा गावकऱ्यांनी चौदा आत्महत्या झाल्याचे सांगितले. हे सारे पी. साईनाथ यांनी मे २०१२ मध्ये 'द हिंदू'त मांडले. 'द हिंदू'ही एका घराण्याचाच पेपर आहे, बरे का. म्हणजे नुसते घराणे असणे हा काही गुन्हा नव्हे.

गैरसमज नको. बीटी वाईट म्हणून मी हे लिहीत नाही. नवे तंत्र घ्यायचे की नाही हे शेतकऱ्याने ठरवावे, हे माझे मत आजही कायम आहे. पण बीटी बोंडअळीवरचे औषध आहे, पाण्यावरचे नाही. हलक्या रानात ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांची ओढ बसली, तर कुठलेही बियाणे पाते धरून ठेवत नाही. आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने काय केले ते आपण बोंडे फोडून पाहिले आहे. ज्या शेतकऱ्याने पेपरातले पान पाहून मुरमाड रानात महागडी थैली लावली, त्याच्या कर्जात त्या पानाचा वाटा किती? हा हिशेब कुठल्याच सातबारावर चढत नाही.

मी कृषी पदवीधर आहे. नोकरीच्या दिवसांत एका कंपनीच्या जीपमधून शिवारफेरीला मीही गेलो आहे. जीप थांबली ती विहीर बागायतीच्या बांधावर. पलीकडचे कोरडवाहू रान दिसत होते, पण गाडी तिकडे वळली नाही आणि मीही वळवा म्हणालो नाही. जेवण उत्तम होते. अहवालात जे पाहिले तेच लिहिले, खोटे एक अक्षर नाही. तरी तो अहवाल खोटाच होता.

तेव्हा जिल्हा मेळाव्याला येताना घरातली महिन्याभराची रद्दी विकू नका, बांधून आणा. मराठी असो, हिंदी असो, कोणत्याही घराण्याची असो. पट्टी मी आणतो. कापूस-ज्वारीच्या भावाला किती जागा, बियाणे-औषधांच्या जाहिरातीला किती, आणि बातमीच्या वेषात आलेली जाहिरात किती, ते मंडपातच बसून मोजू. ज्या पानावर आपल्या शिवाराचे कौतुक असेल त्याची तळातली बारीक ओळ आधी वाचा. चष्मा विसरू नका.